ऊसतोडीच्या तळावर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवंच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी, पाथर्डी-शेवगाव आणि तिकडे नंदुरबार-जळगाव या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरपासून थेट बेळगाव-बागलकोटपर्यंतच्या कारखान्यांवर त्या जाऊन उतरतात. दर वर्षी या सुमारास उसाच्या दराच्या, तोडणीच्या दराच्या आणि अलीकडे शाळाबाह्य मुलांच्याही बातम्या छापून येतात. त्या यायलाच हव्यात. पण शाळेच्या वयाला न पोचलेलं मूल या सगळ्यातून निसटतं. हंगामी वसतिगृह पटावरच्या विद्यार्थ्यासाठी असतं, संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहंही शिकणाऱ्या मुलामुलींसाठीच आहेत. दीड वर्षाचं बाळ कोणत्याच पटावर नसतं. ते एक तर आईबरोबर तळावर, म्हणजे टोळ्या उतरतात त्या झोपड्यांच्या वस्तीवर, जातं किंवा पाच-सहा महिने आजीपाशी राहतं. या महिन्यांत त्याच्या मनाची जी ओढाताण होते, ती कशी होते आणि कशी कमी करता येईल, याबद्दल हे पत्र आहे.

गरिबीचा लहान मुलाच्या मनाशी संबंध काय, असं विचारणारे अजूनही भेटतात. पोटाला मिळालं की लेकरू हसतं-खेळतं, असा त्यांचा समज असतो. बाळाला पैसा कळत नाही, झोपडी आणि बंगला यांतला फरक कळत नाही, हे खरं. त्याला कळतं ते मोठ्या माणसाचं तोंड, हात आणि आवाज. बाळ रडतं, कुणीतरी बघतं, उचलतं, काहीतरी बोलतं. बाळ हुंकार देतं, समोरचं माणूस तोच हुंकार परत करतं. ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा झाली की बाळाच्या मनात एक खात्री तयार होते, की बोलावलं की कोणीतरी येतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाला एकट्याने स्वतःला शांत करता येत नाही. मोठ्या माणसाच्या कुशीत शांत होता होता ते पुढे स्वतःचं स्वतः शांत व्हायला शिकतं. भीती वाटली की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, माणूस जवळ आलं की ते उतरतं, आणि असा चढउतार मुलाला बळकटच करतो. उतरायला माणूसच नसेल आणि ताण रोजचाच असेल, तर झोप, भूक, लक्ष देण्याची ताकद आणि राग आवरण्याची ताकद या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. गरिबी मुलाकडून पहिल्यांदा काढून घेते ती मोठ्या माणसाची सवड आणि मनाची स्वस्थता. खेळणी नसणं ही त्यामानाने फार किरकोळ गोष्ट आहे.

तळावरचा दिवस पाहिला की हे नीट समजतं. पहाटे तीन-साडेतीनला बाई उठते. पाणी, चूल, भाकऱ्या. पाचच्या आत टोळी फडात पोचलेली असते आणि बाळ झोपेतच उचललेलं असतं. बांधावरच्या बाभळीला किंवा गाडीखाली झोळी बांधली जाते, झोका द्यायला सात-आठ वर्षांची बहीण असते. आई ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून नेऊन गाडीत टाकते. बाळ रडलं तरी हातातलं टाकून तिला येता येत नाही, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याचं काम टनावर मोजलं जातं. खाडा झाला तर मुकादमाच्या, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत उचलीवर (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांवर) आणखी रक्कम चढते. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. म्हणजे बाळाची झोप दोन्ही टोकांनी मोडते. आई निर्दय नसते, बापही नसतो. कामाची रचनाच अशी आहे की बाळाच्या हाकेला उत्तर द्यायला मोकळं माणूस कोणी उरत नाही. झोका देणारी बहीण स्वतः मूल आहे. ती कंटाळते, घाबरते, रागावते, आणि तिच्या बालपणाचा हिशोब तर कुठेच होत नाही.

हंगाम कोणत्या वयात येतो, यावर बरंच काही ठरतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ कोणाच्याही मायेच्या हाताशी जुळवून घेतं, त्याचा प्रश्न मुख्यतः दुधाचा आणि थंडीचा असतो. आठव्या-नवव्या महिन्यापासून ते ओळखीचं आणि अनोळखी माणूस वेगळं करायला लागतं. दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान आईपासून दूर होण्याची भीती सगळ्यात जास्त असते. नेमक्या याच वयात ‘आता दूध तुटलंय, राहील आजीपाशी’ म्हणून बाळाला गावी ठेवण्याचा निर्णय पुष्कळ घरांत होतो. घरच्यांच्या सोयीने पाहिलं तर तो बरोबर वाटतो, बाळाच्या मनाच्या बाजूने पाहिलं तर याहून वाईट वेळ नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला राग येतो पण रागाला शब्द नसतात. ते लोळतं, चावतं, फेकतं. त्याला ‘राग आला ना तुला?’ असं म्हणणारं माणूस लागतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला सोबती लागतात, थांबायला शिकायचं असतं, खोटंखोटं खेळायचं असतं.

तळावरची मुलं काय खेळतात ते एकदा बसून पाहावं. पाचटाच्या काड्यांची मोळी बांधतात, डोक्यावर घेतात, विटेच्या गाडीत भरतात. एक जण मुकादम होतो आणि बाकीच्यांना शिव्या देतो. मोठी माणसं हे पाहून ओशाळतात आणि खेळ थांबवतात. थांबवू नये. जे पाहिलं, जे सोसलं, ते खेळून दाखवणं हाच या वयात मन मोकळं करण्याचा मार्ग असतो. जवळ बसलेल्या ताईने फार तर विचारावं, की मुकादम ओरडला तेव्हा या बाईला कसं वाटलं असेल? उत्तर आलं नाही तरी चालतं.

आता ज्या लक्षणाबाबत सगळ्यात जास्त फसगत होते, ते सांगतो. झोळीत तासन्‌तास गप्प पडून राहणाऱ्या बाळाचं सगळीकडे कौतुक होतं: ‘किती गुणी लेकरू, आवाज म्हणून नाही.’ पुष्कळदा ते बाळ रडून पाहिलेलं असतं. कोणी येत नाही हे कळल्यावर त्याने रडणं सोडलेलं असतं. काही बाळं मुळातच शांत असतात, म्हणून घाईने शिक्का मारू नये. दोन आठवडे तीन गोष्टी पाहाव्यात. आई परत आल्यावर ते तिच्याकडे बघतं का, हात पसरतं का? लागलं-खुपलं तर कोणाकडे जातं का? नवं काही सापडलं तर ते दाखवायला आणतं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर ते बाळ गुणी नाही, एकटं पडलेलं आहे. याच्या उलट टोकाला कोणाच्याही मांडीवर जाऊन बसणारं, परक्याबरोबर सहज निघून जाणारं मूल असतं. त्यालाही आपण ‘माणसाळलेलं’ म्हणून मोकळे होतो. बोलायला लागलेलं मूल पुन्हा मुकं होणं, सुटलेलं अंथरुणातलं शू परत सुरू होणं, भाकरी लपवून ठेवणं, झोपेत दचकून ओरडणं, या गोष्टी महिनाभर टिकल्या तर त्याला हट्ट म्हणू नये.

रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ बालकांवर २००० नंतर झालेल्या अभ्यासात दोन वर्षं वयाच्या आत पालक-कुटुंबात (सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) गेलेली मुलं माणसांशी जवळीक जोडण्यात पुष्कळ सावरली, उशिरा गेलेली तितकी सावरली नाहीत. तळ म्हणजे अनाथालय नव्हे, इथे आईबाप आहेत आणि त्यांचा जीव लेकरात आहे. पण काळाचा मुद्दा इथेही लागू पडतो. तीन वर्षांच्या आत तीन हंगाम येतात.

शरीराची बाजू मनापासून वेगळी काढता येत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. रक्त कमी असलेलं बाळ नुसतं फिकट दिसत नाही. ते बिचकतं, आईला चिकटून राहतं, नव्या वस्तूकडे सरकत नाही, लवकर थकतं. त्याला लोह मिळणं हा त्याच्या मनाचाही उपचार आहे. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाला आठवड्यातून दोनदा एक-एक मिलीलिटर लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप द्यायचं ठरलं आहे. म्हणजे ५० मिलीलिटरची एक बाटली २५ आठवडे पुरते, जवळपास अख्खा हंगाम. आशाताईने टोळी निघायच्या आधी ही बाटली घरात दिली आणि कोणत्या दोन वारी द्यायची ते पक्कं करून दिलं, तर तळावर वेगळी यंत्रणा लागत नाही. बाळ तापलेलं असताना आणि तीव्र कुपोषित बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

आईचं मन हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य आढळलं. त्याचा संबंध गरिबीशी, नवऱ्याच्या मारहाणीशी आणि मुलगा हवा असताना मुलगी होण्याशी दिसला. उदास आई बाळाला दूध पाजते, अंघोळ घालते, पण तिचा चेहरा बाळाला उत्तर देत नाही. बाळ काही वेळ हसून, हात हलवून प्रयत्न करतं आणि मग तोंड फिरवतं. तळावर कर्ज, थकवा, दारू, मारहाण, मुकादमाचा धाक आणि आडोशाला जायचीही चोरी या सगळ्यात बाईने प्रसन्न राहावं ही अपेक्षा क्रूर आहे. आरोग्यसेविकेने तळाच्या भेटीत दोन प्रश्न नक्की विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन सारखं खिन्न होतं का, आणि ज्यात आधी मन रमायचं त्यात आता रमत नाही का? होकार आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो तळावरच्या पाण्याच्या टाकीवर रंगवून ठेवायला फारसा खर्च नाही.

नुसत्या आहारावर भागेल, असं वाटणाऱ्यांसाठी जमैकाचं उदाहरण महत्त्वाचं आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात किंगस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या नऊ ते चोवीस महिने वयाच्या १२९ खुज्या बालकांना चार गटांत विभागलं गेलं. काहींना आठवड्याला एक किलो दुधाची पावडर मिळाली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास यायची आणि घरातल्याच डबड्या-चिंध्यांपासून केलेली खेळणी घेऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. पावडरीचा फायदा पुढे टिकला नाही. खेळ-गप्पांच्या गटातली मुलं सतरा-अठराव्या वर्षी कमी चिंताग्रस्त आणि कमी उदास होती, स्वतःबद्दल त्यांचं मत चांगलं होतं, आणि वीस वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. आहार बंद करा असं याचा अर्थ कोणी काढू नये. आहार देणाऱ्या माणसाला मुलाजवळ बसायला वेळ द्या, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आमची मागणी प्रत्येक मोठ्या तळावर पाळणाघराची आहे. ‘अंगणवाडी आहे की जवळच्या गावात’ हे उत्तर पुरत नाही. अंगणवाडी उघडते तेव्हा टोळी फडात जाऊन चार-पाच तास झालेले असतात. केंद्राच्या पाळणा योजनेतलं पाळणाघर महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास चालवायचं असतं. शहरातल्या घरकामगार बाईला ते पुरेल, पहाटे साडेचारला निघून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या आणि साप्ताहिक सुट्टी नसलेल्या बाईला पुरणार नाही. तळावरचं पाळणाघर पहाटे साडेचारला उघडलं पाहिजे. पहिले दोन-तीन तास मुलांनी घरच्याच गोधडीत झोप पुरी करायची आहे, तेव्हा उबदार खोली, मंद दिवा आणि एक जागं माणूस एवढंच लागतं.

तळावर २५ मुलं आहेत असं धरू. त्यांतली सात-आठ दीड-दोन वर्षांच्या आतली असतील तर त्यांच्यासाठी दोन बाया आणि मोठ्यांसाठी एक, अशा किमान तिघी हव्यात. दीड वर्षाखालच्या चार-पाच बाळांमागे एक, याहून जास्त बाळं एकीवर टाकली की ती फक्त पुसणं-भरवणं करते, बोलणं बंद पडतं. कोणतं बाळ कोणत्या ताईचं हे पहिल्या दिवशी ठरवून ते हंगामभर बदलू नये. भरवणारी, झोपवणारी, रडल्यावर उचलणारी तीच हवी. बाया शक्यतो त्याच टोळ्यांतल्या, त्याच तांड्यावरच्या असाव्यात. लमाणांच्या लेकराशी गोरमाटीत आणि नंदुरबारकडच्या लेकराशी भिलीत बोलणारं माणूस नसेल, तर त्याचं रडणं कोणाला कळणार? तोडणीचं काम आता झेपत नसलेली, पण अंगात धमक असलेली चाळिशी-पंचेचाळिशीची बाई या कामाला उत्तम. तिला आठ-दहा दिवसांचं प्रशिक्षण द्यावं: वाढीचे टप्पे, घशात वस्तू अडकल्यावर काय करायचं, जुलाबात ओआरएस, आणि मुख्य म्हणजे न मारता, ‘बागुलबुवा येईल’ अशी भीती न घालता मूल कसं सांभाळायचं.

अशी केंद्रं कशाने मोडतात हेही लिहिलं पाहिजे. सगळ्यात आधी मोडतात ती मानधन थकल्याने. दोन महिने पैसे आले नाहीत की ताई पुन्हा कोयता हातात घेते, कारण तिच्या डोक्यावरही उचल असते. बाळाने मोठ्या कष्टाने जोडलेलं माणूस त्याच्या हातून जातं. पाळणाघर मुळीच नसण्यापेक्षा मध्येच बंद पडणं काही मुलांना अधिक जाचतं. म्हणून पैसे दर आठवड्याला द्यावेत आणि अर्ध्या कोयत्याच्या कमाईपेक्षा कमी देऊ नयेत. दुसरं कारण जागा. पत्र्याची शेड डिसेंबरात गारठते आणि मार्चमध्ये तापते, त्यामुळे पत्र्यावर पाचटाचा जाड थर आणि चारी बाजूंनी बांबूच्या तट्ट्या हव्यात. ट्रॅक्टरच्या वाटेपासून दूर, कमरेइतकं कुंपण, पाण्याच्या खड्ड्यावर झाकण. रात्री मागे घेताना गाडीच्या चाकाखाली मूल येणं ही तळावरची कल्पनेतली भीती नाही. तिसरं कारण आईचं दूध. फड रोज बदलतो, कधी तळापासून पाच-सात किलोमीटरवर असतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तळावर ठेवणं म्हणजे दूध तोडणं. अशा बाळांसाठी टोळीबरोबर फडावर जाणारी एक सांभाळणारी, सावलीसाठी ताडपत्री आणि आईला दूध पाजण्यासाठी खाडा न धरता दोन सुट्ट्या, ही सोय वेगळी करावी लागेल. ती अवघड आहे हे आम्हाला मान्य आहे, पण बाळाच्या दुधापुढे मुकादमाची सोय पाहता येणार नाही.

पहिला आठवडा जपावा लागतो. गाळप सुरू होण्याआधी कोप्या (झोपड्या) उभारण्यात दोन-तीन दिवस जातात. पाळणाघर त्याच दिवसांत सुरू झालं पाहिजे, म्हणजे आई शेजारी असताना बाळ ताईला ओळखू लागतं. पहिल्या दिवशी आईने तिथेच बसावं, दुसऱ्या दिवशी पाण्याला म्हणून अर्धा तास जावं, तिसऱ्या दिवशी दोन तास. जाताना गुपचूप सटकू नये. मूल खेळात आहे बघून पळ काढला की ते त्या क्षणी रडत नाही, पण नंतर खेळताना सारखं दाराकडे बघत राहतं. ‘मी फडात जाते, दिवे लागायला येते’ असं सांगून, ते रडत असलं तरी निघावं. ताईने त्याला गप्प करायची घाई न करता कडेवर घ्यावं. आईच्या न धुतलेल्या लुगड्याचा तुकडा गोधडीत ठेवला तर बरीच बाळं त्यावर झोपतात. तीन वर्षांखालच्यांच्या हाती चिंचोके, गोट्या, बटणं देऊ नयेत. करवंट्या, चिंध्यांचा चेंडू, खडे भरून बूच घट्ट लावलेली बाटली, ओली माती एवढं पुरतं. प्रत्येक बाळाला दिवसातून दोन वेळा दहा-पंधरा मिनिटं तरी एकट्याची मिळावीत, तेल लावताना किंवा भरवताना, तोंडाकडे बघत, बडबडगीत म्हणत.

गावी मागे राहिलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. तिथे माणूस आहे, पण ते म्हातारं, आजारी आणि एकापेक्षा जास्त नातवंडांत वाटलेलं. आजी-आजोबांना तीनच गोष्टी सांगायच्या. आईचा फोन रोज ठरलेल्या वेळी यावा, पाच मिनिटं का होईना. आठवड्यातून एकदा येणाऱ्या तासाभराच्या फोनपेक्षा लहान मुलाला तो जास्त आधार देतो. ‘आई तुला टाकून गेली’ अशी थट्टा कोणी, अगदी शेजाऱ्यानेही, करू नये. चार वर्षांच्या मुलाला थट्टा कळत नाही, वाक्य कळतं. आणि ‘होळीला येणार’ असं खोटं वचन देऊ नये, कारण हंगाम लांबला तर ते वचन मोडणारी आई ठरते. परत आल्यावर लहान मूल आईकडे पाठ फिरवतं, आजीच्या मागे लपतं, तेव्हा आईच्या काळजाचं पाणी होतं. ते विसरलेलं नसतं, रागावलेलं आणि घाबरलेलं असतं. ओढून कडेवर घेऊ नये. त्याच्या जवळपास बसून काम करावं, त्याला येऊ द्यावं. काही दिवस लागतात, कधी महिना लागतो.

विषमतेबद्दलही लिहायला हवं, कारण तळावरची गरिबी एकटी नसते, ती श्रीमंतीच्या शेजारी असते. अनेक कारखान्यांच्या आवारात शाळा आहे, बालवाडी आहे, झोके-घसरगुंडी आहे, आणि कुंपणाच्या पलीकडे कोप्या आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलाला कपडे, पायातलं आणि लोकांची बोलायची पद्धत यांवरून आपली पायरी कळू लागते. गावातल्या अंगणवाडीत त्याला शेवटी बसवलं, ‘ऊसतोड्यांचं पोरगं’ म्हणून हाक मारली, खाऊ शेवटी दिला, की ते घरी येऊन सांगत नाही, दुसऱ्या दिवशी जायला नकार देतं. सेविकेने त्याला नावाने हाक मारावी आणि गावातल्या एका मुलाची व त्याची जोडी लावून द्यावी. सेविकांवर कामाचा आणि मोबाइलवरच्या नोंदींचा भार आधीच जास्त आहे. हंगामात पट वाढतो त्या गावी जादा मदतनीस आणि जादा मानधन दिल्याशिवाय त्यांच्याकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर स्थलांतराची नोंद मूळ गावात निघण्यापूर्वी झाली तर आहार मागे राहत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांना तपासतं. त्यातली एक भेट तळावर लावावी, नाहीतर बोलायला उशीर झालेलं मूल सहा वर्षांचं होईपर्यंत कोणाच्या नजरेला पडत नाही.

पैसा कुठून, हा प्रश्न येणारच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढाच सरकारचा वाटा, असं ठरलेलं आहे. सहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे १० रुपयांप्रमाणे ६० लाख होतात. २५ मुलांच्या पाळणाघराचा आमचा हिशेब असा: तीन बायांना महिना १२ हजारांप्रमाणे सहा महिन्यांचे २ लाख १६ हजार, मुलामागे रोज ४० रुपयांचा आहार १८० दिवस, म्हणजे १ लाख ८० हजार, शेड, कुंपण, सतरंज्या, पाणी, दिवा ८० हजार. एकूण ४ लाख ७६ हजार. कारखान्याच्या ६० लाखांतला निम्मा पैसा याकडे वळवला तरी सहा पाळणाघरं चालतात, आणि यात सरकारचा वाटा धरलेलाच नाही.

कायद्याला ही कल्पना नवी नाही. १९४८च्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे, आणि बांधकाम मजुरांच्या १९९६च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोलीची तरतूद झाली. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला इतरांइतकीच मजुरी देण्याचा नियम झाला. ऊसतोडीची बाई यांतून सुटते, कारण ती मुकादमामार्फत येते आणि कारखान्याच्या हजेरीपटावर तिचं नाव नसतं. नावही पुष्कळदा कोयत्यात, नवऱ्याच्या पोटात गेलेलं असतं.

साखर आयुक्तालय दर हंगामाला गाळप परवाना देतं. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कोप्या असलेल्या प्रत्येक तळावर गाळप सुरू होण्याच्या दिवसापासून पाळणाघर चालू असणं ही त्या परवान्याची अट करावी. सहा वर्षांखालच्या मुलांची तळनिहाय यादी कारखान्याने अर्जासोबत द्यावी आणि ती महिला व बालविकास विभागाने मूळ गावच्या अंगणवाडीच्या यादीशी ताडून पाहावी. या हंगामात हे सगळीकडे जमणार नसेल, तर निदान बीडच्या टोळ्या सर्वांत जास्त उतरतात अशा दहा कारखान्यांपासून सुरुवात करावी, आणि पाळणाघरांच्या वेळा व मानधन यांचा आदेश दिवाळीपूर्वी निघावा.

आपले,
लहान मुलांच्या वाढीच्या व मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक